मालावीची तूर, जळगावची डाळ आणि दिल्लीची अधिसूचना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमळनेर-चोपडा भागातले काही कृषी पदवीधर, दोन डाळ मिलवाले आणि एक महिला बचत गट मिळून आफ्रिकेतल्या मालावी देशाच्या दक्षिण भागातल्या, तूर पिकवणाऱ्या एका गावाला मिनी डाळ मिल द्यायची आणि ती चालवायला शिकवायची, असं तुम्ही ठरवलं आहे. त्यावरून तुमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो, मदत करा, सरकारच्या धोरणात पडू नका. दुसरा म्हणतो, भारताचं आयात धोरण असं धरसोडीचं असताना एका मशीननं काय होणार, आधी दिल्लीला विचारा. दोन्ही कामं एकत्र जमतील का, आणि कशी?

जमतील. मी तर म्हणेन, तुरीच्या बाबतीत ती वेगळी काढताच येत नाहीत. कडधान्य प्रक्रियेत माझी हयात गेली आणि दक्षिण मालावीत फालोम्बे-मुलांजे भागात माझं बरीच वर्षं जाणं-येणं आहे. त्यातून मी एकच नियम धरला आहे: ज्या पिकाची मदत, त्याच पिकाचं धोरण. मदत तुरीची आणि भाषण जागतिक शांततेवर, असं केलं की दोन्हीकडे कुणी ऐकत नाही. तूर तुमच्या हातची आहे. कपाशीच्या ओळीत तुरीचं तास कसं टाकायचं ते तुम्हाला कळतं, डाळीचा उतारा कशानं घटतो ते कळतं, नाफेडच्या केंद्रावर नोंदणी करून किती दिवस वाट पाहावी लागते तेही कळतं. या जाणकारीमुळेच तुमच्या मदतीला किंमत आहे आणि तुमच्या निवेदनाला वजन आहे.

आधी मागचा इतिहास बघा, कारण तुमच्यातल्या तरुणांना तो ठाऊक नसावा. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. शहरात ओरड झाली आणि सरकारनं आफ्रिकेकडे पाहिलं. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी करार झाला: पहिल्या वर्षी १ लाख टन कडधान्य घ्यायचं आणि वाढवत वाढवत २०२०-२१ पर्यंत २ लाख टनांवर न्यायचं. आजूबाजूच्या देशांतही निरोप गेला की भारताला तूर हवी आहे. मालावी, टांझानिया, मोझांबिक सगळीकडे लोकांनी तूर वाढवली. त्याच वर्षी आपल्याकडे पाऊस चांगला झाला, आपल्याही शेतकऱ्यानं २०० रुपयांची डाळ पाहून तूर लावली होती, आणि विक्रमी पीक आलं. हमीभाव बोनससकट क्विंटलला ५,०५० रुपये, बाजारभाव त्याच्या बराच खाली, खरेदी केंद्रांवर बारदान नाही, ट्रॅक्टरच्या रांगा. २०१७ चा तो उन्हाळा आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही.

मार्च २०१७ मध्ये तुरीवर १० टक्के आयात शुल्क लागलं. ऑगस्टमध्ये आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा आली. मोझांबिकचा करार या मर्यादेबाहेर ठेवला होता, पण मालावी आणि टांझानियाशी तेव्हा असा करार नव्हता. आता महिना बघा. दक्षिण मालावीत तूर मक्यात आंतरपीक म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पेरतात आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये काढतात. म्हणजे दिल्लीची अधिसूचना निघाली तेव्हा तिथली तूर खळ्यावर होती. भाव कोसळले. शेतकऱ्यानं पेरताना जे गृहीत धरलं होतं ते काढणीच्या महिन्यात पुसलं गेलं.

म्हणून मी म्हणतो की तुम्ही मालावीच्या गावात पाय ठेवाल तेव्हा कोरे नसाल. तुम्ही त्या देशातून आलेले असाल ज्याच्या एका निर्णयानं त्यांचा हंगाम गेला होता. तिथल्या बायांना हे नेमकं ठाऊक असतं. फालोम्बेकडच्या एका महिला गटाकडे शाळेची रेघांची वही होती. तिच्यात दर आठवड्याला तारीख, गावात आलेल्या व्यापाऱ्याचं नाव, किलोचा भाव क्वाचामध्ये (तिथलं चलन), आणि शेवटच्या रकान्यात शेरा लिहिलेला. शेऱ्यात कुठे ‘काटा बरोबर’, कुठे ‘ओली म्हणून कापले’, आणि काही ओळींत नुसतंच ‘इंडिया’. भाव का पाडला असं विचारलं की व्यापारी सांगायचा, इंडियानं बंद केलं. कधी ते खरं असायचं, कधी थाप असायची, आणि बायांना ते पडताळून बघायला काही साधन नव्हतं. आपल्याकडच्या खेडा खरेदीसारखंच सगळं: तोच काटा, तीच कटती, ‘वरूनच भाव पडलाय’ हेच उत्तर.

तुमच्या कामाची सुरुवात इथून करा, मशीनपासून नको. त्या गटाला दर पंधरा दिवसांनी जळगाव बाजार समितीचा तुरीचा भाव आणि दिल्लीची आयातीबाबतची ताजी स्थिती, दोन ओळींत, व्हॉट्सअॅपवर कळवत जा. खर्च काही नाही. पण व्यापारी ‘इंडियानं बंद केलं’ म्हणाला तर बाई फोन काढून दाखवू शकते. आणि त्यांच्या वहीतले भाव तुमच्याकडे येत राहतील. एका रकान्यात फालोम्बेचा भाव, दुसऱ्यात जळगावचा भाव, तिसऱ्यात त्या आठवड्यातली अधिसूचना, असा तक्ता दोन हंगामांचा झाला की दिल्लीतल्या कुठल्याही टेबलावर ठेवण्यासारखा कागद तुमच्याकडे असेल. मदत आणि धोरण एकत्र करायचं म्हणजे माझ्या लेखी हेच. मदतीतून पुरावा उभा राहतो आणि त्या पुराव्यावर मागणी उभी राहते.

आता तुम्हाला गावात ऐकावा लागेल तो प्रश्न. कुणीतरी तोंडावर विचारेलच: “आमनी तूरले भाव नही अन् तुम्ही तिकडला लोकेस्ले मदत करी राहिनात?” हा प्रश्न टाळू नका. तो रास्त आहे. मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली झाली आणि सवलतीची मुदत वेळोवेळी वाढवली गेली. २०२४-२५ मध्ये सुमारे १२ लाख टन तूर बाहेरून आली. २०२५ च्या सुरुवातीला हमीभाव ७,५५० रुपये असताना बाजारात तूर त्याच्या खाली विकली गेली. आफ्रिकेची तूर सप्टेंबरपासून आपल्या बंदरांत उतरू लागते आणि आपली तूर डिसेंबर-जानेवारीत बाजारात येते. खान्देशचा शेतकरी आणि मालावीचा शेतकरी यांचं हित प्रत्येक बाबतीत एक आहे असं सांगू नका. ते खरं नाही आणि लोक ओळखतात.

पण कुठे एक आहे ते मात्र नीट मांडा, कारण तिथेच मोठी गोष्ट दडली आहे. पिवळा वाटाणा घ्या. तो मुख्यतः कॅनडा आणि रशियातून येतो, हजारो एकरांच्या यांत्रिक शेतीतून. २०१७ मध्ये त्यावर ५० टक्के शुल्क लावलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये तो शुल्कमुक्त केला आणि मुदत वाढत वाढत गेली. २०२४-२५ मध्ये २० लाख टनांहून जास्त वाटाणा आला. स्वस्त वाटाण्याचं पीठ बेसनात जातं, हॉटेलात डाळीत मिसळतं, आणि हरभऱ्याबरोबर तुरीचाही भाव खाली ओढतं. नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क आलं, पण तोवर दोन हंगाम गेले होते. या एका निर्णयानं चोपड्याच्या आणि फालोम्बेच्या, दोन्ही शेतकऱ्यांना एकाच वेळी मार बसला. मालावीची तूर रोखा असं म्हणण्याआधी आपण हे सांगायला हवं की गरीब देशातल्या दोन एकरवाल्यापेक्षा श्रीमंत देशातला वाटाणा आपला भाव जास्त पाडतो.

कापसाचंही असंच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत उठवलं. माली, बुर्किना फासो, बेनिन या अल्पविकसित देशांना २००८ च्या शुल्कमुक्त योजनेतून आपली बाजारपेठ आधीच खुली होती. सवलतीचा फायदा झाला तो अमेरिका, ब्राझीलसारख्यांना. म्हणजे असं शुल्क उठवू नका अशी मागणी खान्देशातल्या कापूसवाल्यानं केली तर मालीच्या शेतकऱ्याचं त्यात काही जात नाही, उलट त्याची बाजू बळकट होते. हे तुमच्या सभेत सांगून बघा. लोकांचा सूर बदलतो.

तर दिल्लीकडे मागायचं काय? ‘परराष्ट्र धोरण न्याय्य करा’ असं लिहून कुणाला काही कळत नाही. तुरीपुरत्या तीन गोष्टी मागा. एक, आयातीचा निर्णय पेरणीच्या आधी जाहीर व्हावा. जानेवारी २०२५ मध्ये तुरीच्या शुल्कमुक्त आयातीची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली, तेव्हा आफ्रिकेत पेरणी होऊन गेली होती आणि आपली तूर बाजारात येत होती. दोघांपैकी कुणालाही त्या निर्णयाकडे पाहून पेरता आलं नाही. दोन, मालावीशी २०२१ मध्ये वर्षाला ५० हजार टनांचा करार झाला, तसे ठरावीक प्रमाणाचे करार गरीब देशांशी नीट चालू ठेवावेत आणि त्यापलीकडच्या खुल्या आयातीवर, देशातला भाव हमीभावाखाली गेला की, आपोआप शुल्क लागावं. आकडा आणि अट आधी जाहीर असली की व्यापाऱ्यालाही थाप मारता येत नाही. तीन, इथे हमीभावानं खरेदी वेळेवर व्हावी. ही तिसरी मागणी कधीही सोडू नका. ती सोडली तर तुमच्या शेजाऱ्याचा प्रश्न पुन्हा उभा राहील आणि त्याला उत्तर देता येणार नाही.

मागणी कुणाकडे करायची हा भाग लोकांना सर्वांत अवघड जातो, कारण तूर एका मंत्रालयाची नाही. आयात खुली की बंद ते वाणिज्य मंत्रालयाखालचं परकीय व्यापार महासंचालनालय अधिसूचित करतं. शुल्क वित्त मंत्रालयाचं. डाळ महागली की हालचाल ग्राहक व्यवहार विभागातून सुरू होते आणि साठ्यावरची मर्यादाही तिथूनच येते. हमीभावाची शिफारस कृषी मूल्य आयोगाची. आणि मालावीला मदत, प्रशिक्षण, कर्ज हे परराष्ट्र मंत्रालयाचं. एका खोलीत मालावीच्या शेतकऱ्याला प्रशिक्षणाला बोलावतात आणि दुसऱ्या खोलीत त्याच्या तुरीचा निर्णय होतो, पण दोन्ही फायली एकत्र बघणारं कुणी नाही. ते काम तुमच्यासारख्यांनी करायचं. एकच निवेदन, पाचही ठिकाणी, आणि प्रत्येक प्रतीवर इतर चार ठिकाणांची नावं.

खान्देशातून लोकसभेवर चार जागा आहेत: जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार. कुठल्याही पक्षाचा खासदार असो, चौघांकडे जा. लोकसभेत लेखी प्रश्नाची सूचना साधारण १५ दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्न जितका नेमका तितकं उत्तर कामाचं. “मालावीशी झालेल्या करारानुसार दर वर्षी प्रत्यक्ष किती तूर आली आणि ती कोणत्या महिन्यात आली?” हा प्रश्न मंत्रालयाला आकडे द्यायला लावतो. मंत्री झालेल्या खासदाराला प्रश्न विचारता येत नाही, पण त्याच्या पत्राला वजन असतं. वाणिज्य आणि परराष्ट्र व्यवहाराच्या संसदीय स्थायी समित्यांकडेही लेखी निवेदन देता येतं. सोबत बाजार समितीचा आणि चार-पाच ग्रामसभांचा ठराव जोडा. ग्रामसभेनं मालावीचं नाव घेऊन ठराव केलेला पाहिला की अधिकारी कागद दोनदा वाचतो, हा माझा अनुभव आहे.

‘राजकारणात पडू नका’ म्हणणाऱ्या तुमच्या ज्येष्ठांना एक आठवण द्या. १९३६ मध्ये काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला भरलं. नेहरूंनी तिथल्या अध्यक्षीय भाषणात स्पेनच्या यादवीवर बोलायला मागेपुढे पाहिलं नाही. समोर बसलेले बहुतेक शेतकरी होते. पुढे जपाननं चीनवर हल्ला केला तेव्हा काँग्रेसनं जपानी मालावर बहिष्काराचं आवाहन केलं आणि १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. जखमींवर उपचार आणि आक्रमणाला विरोध या दोन गोष्टी त्या पिढीनं वेगळ्या मानल्या नाहीत. आपल्याला तर एवढं धाडस करायचंच नाही, तुरीच्या अधिसूचनेची तारीख बदलायची आहे.

एक मर्यादा मात्र कडक पाळा. तुमचा आवाज आपल्या सरकारपुढे. मालावीच्या सरकारनं काय करावं, तिथल्या निवडणुकीत कोण यावं, यावर तिथे जाऊन एक शब्द बोलू नका. तिथली बाजू तिथले लोक मांडतील. लहान शेतकऱ्यांची नॅसफॅम ही मोठी संघटना तिथे आहे, तिच्याशी बोला, आणि आपल्या निवेदनात मालावीच्या शेतकऱ्यांच्या नावानं काही लिहायचं तर आधी त्यांना वाचून दाखवा.

पैशांचं थोडक्यात सांगतो, बाकी तुमच्या सीएला विचारा. धर्मादाय संस्थेनं भारताबाहेर केलेला खर्च करसवलतीसाठी सहसा धरला जात नाही, त्याला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. कंपन्यांचा सीएसआर निधी परदेशातल्या कामाला चालत नाही. व्यक्तीला मात्र रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, त्यात देणगीही येते. तुमच्या आवाक्यातल्या कामाला हा मार्ग पुरे. आणि परदेशी देणगी घेऊन धोरणावर बोलायच्या भानगडीत पडू नका. परदेशी देणगी नियमन कायद्यात राजकीय स्वरूपाच्या संघटनांना बंदी आहे आणि ती रेष कुठे ओढली जाईल ते तुमच्या हातात नसतं. निवेदनं, दिल्लीचा प्रवास, छपाई हे सगळं इथल्या लोकांच्या वर्गणीतून करा आणि त्याचा हिशोब वेगळ्या वहीत ठेवा.

आता मशीन. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं विकसित केलेली मिनी डाळ मिल तुमच्या मनात आहे, निवड बरोबर आहे. त्या गावाला तिचा खरा उपयोग असा की सगळी तूर भारताकडे डोळे लावून ठेवावी लागत नाही. ब्लँटायर-लिंबेच्या बाजारात डाळ खपते, तिला किडीची भीती अख्ख्या तुरीपेक्षा कमी, आणि चुनी (भरडताना उरणारा चुरा) शेळ्यांना जाते. दिल्लीनं उद्या पुन्हा दार लावलं तरी गटाच्या हातात काहीतरी उरतं. पण मशीन पाठवून काम होत नाही. तुरीला आधी रोलरवर चरे पाडायचे, मग तेल चोळून ठेवायचं, पाणी द्यायचं, ऊन दाखवायचं, आणि मगच भरडायचं, हे हातानं शिकावं लागतं. घाई केली की साल सुटत नाही आणि तुकडा वाढतो. तिथला जून-जुलै थंड आणि ढगाळ असतो, मुलांजेच्या पायथ्याशी तर बारीक पाऊस दिवस दिवस टिकतो. आपल्याकडच्या उन्हाच्या हिशोबानं एका दिवसात वाळेल ती तूर तिथे दोन-तीन दिवस घेते. हे तुमच्या बचत गटाच्या बायांना आधी सांगून ठेवा, कारण शिकवायला त्याच जाणार आहेत आणि जायला हव्यात. एमरी रोलर, चाळण्या, पट्टे यांचा दोन हंगामांचा साठा सोबत द्या. वीज थ्री फेज आहे का ते फोटो मागवून बघा, नसेल तर डिझेल इंजिनवर चालणारी व्यवस्था करा. परराष्ट्र मंत्रालयाच्या आयटेक योजनेत परदेशी प्रशिक्षणार्थींचा प्रवास आणि राहणं सरकार करतं. गटातल्या दोघींना त्यातून कृषी प्रक्रियेच्या एखाद्या अभ्यासक्रमाला आणता आलं तर परत जाताना त्यांना जळगावच्या डाळ मिल दाखवता येतील.

शेवटी तुमच्यातल्या दोन डाळ मिलवाल्यांबद्दल. त्यांच्या हेतूवर मला शंका नाही, त्यांच्याशिवाय हे काम होणार नाही. पण आयात तूर स्वस्त मिळाली तर फायदा मिलचा असतो, आणि हे दोन्ही गावांना माहीत असायला हवं. म्हणून पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा: ज्या गावाला मशीन दिलं त्या गावाची तूर गटातला कुणीही स्वतःच्या मिलसाठी घेणार नाही, आणि आयातीबाबतचं निवेदन शेतकरी सभासदांच्या संमतीशिवाय जाणार नाही. तो ठराव मालावीच्या गटालाही त्यांच्या भाषेत पाठवा.

वेळेचं गणित असं ठेवा. पावसाळी अधिवेशन साधारण जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, म्हणून खासदारांच्या भेटी जूनमध्ये उरका, आपली पेरणी सांभाळून. निवेदन सप्टेंबरच्या आत दिल्लीत पोचलं पाहिजे, तर मालावीच्या नोव्हेंबरच्या पेरणीआधी काही हलायची शक्यता आहे. मशीन मात्र त्याच्याही आधी निघायला हवं. न्हावा-शेव्याहून मोझांबिकचं बेइरा किंवा नाकाला बंदर, तिथून ट्रकनं ब्लँटायर, आणि बंदरात माल किती अडकेल ते सांगता येत नाही. २०२३ च्या अखेरीस नाकाला बंदरात निर्यातदारांच्या वादात तूरच कित्येक आठवडे अडकली होती. फेब्रुवारीत ऑर्डर दिली तर काढणीपर्यंत मिल गावात उभी राहते.